नीरफणसाची फळी

परवा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर आमंत्रण आलं: 'लोकाग्रहास्तव पुन्हा एकदा हवाईयन नाईट'. खाली नारळाची झाडं, मावळता सूर्य आणि चार वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाचा फोटो. फोटोत स्टेजवर एक काळपट लाकडी फळी उभी आहे, तिच्यावर थर्मोकोलची इंग्रजी अक्षरं चिकटवली आहेत, आणि शेजारी गळ्यात प्लॅस्टिकची फुलमाळ घालून दात काढत उभी असलेली बाई मी आहे. फोटोवर लोकांनी भराभर लाल बदाम टाकले. ती फळी ज्यांच्या घरून आणली होती ते काका मागच्या हिवाळ्यात गेले. त्या दिवशी याच ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना आपण कोणासाठी हात जोडतोय हे माहीत नव्हतं.

लोकाग्रह म्हणे. मी त्या ग्रुपवर आहे, मला कोणी विचारलेलं नाही. तेव्हा आता मी न विचारताच सांगणार आहे.

इंग्लंडात रीडिंगला आले तेव्हा पहिली तीन वर्षं मी काकांच्या घरात माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहिले. काका अलिबागकडचे, वाढले भायखळ्याला, धर्मानं ज्यू, आणि मराठी अशी खणखणीत की फोनवर ऐकलं तर तुम्ही पूजा सांगायला बोलवाल. मी नागपूरची. पहिल्याच दिवशी दारात बॅगा ठेवून मी विचारलं, "पण काका, तुम्ही मराठी कसे?"

"तू कशी?" त्यांनी विचारलं, आणि चहा टाकायला आत निघून गेले.

दारातून आत जाणं हाच त्या घरात एक व्यायाम होता, कारण पॅसेजमध्ये भिंतीच्या कडेनं ती फळी आडवी ठेवलेली असे. माझ्याहून दीड हात लांब, जेमतेम दोन बोटं जाड, बायकोच्या जुन्या नऊवारीच्या गोधडीत गुंडाळलेली. जाणाऱ्यायेणाऱ्यानं अंग चोरून जायचं. एकदा माझी सूटकेस तिला घासली, तर काका दोन दिवस माझ्याशी इंग्रजीत बोलले. मी म्हटलं, भिंतीवर टांगा ना, किती छान दिसेल. त्यावर ते म्हणाले, "छान दिसायला ठेवलेली नाही. ती पाण्यात जायला आहे."

आणि खरंच जायची. सत्तरी ओलांडलेला हा माणूस दर रविवारी पहाटे जुन्या गाडीच्या टपावर फळी बांधून एम-फोर हायवेनं निघायचा, तीन तास गाडी हाणत डेव्हनच्या किनाऱ्यावर जायचा, आणि गार पाण्यात रबरी सूट घालून फळीवर लाटांवर पालथा पडायचा, सर्फिंग म्हणतात ते. उभा राहिला तर बोनस. संध्याकाळी परत येऊन फळीला खोबरेल चोळायचा. "आम्ही तेली गं. शनवारी घाणा बंद ठेवणारे तेली. तेल आम्हाला शिकवू नये कोणी."

शनिवार म्हणजे शनिवार. गाडीला हात नाही, दिव्याच्या बटणाला हात नाही, समुद्र तर नाहीच. आणि चांगल्या लाटा नेमक्या शनिवारी यायच्या. दोन लाटांच्या मध्ये किती सेकंद जातात त्यावर लाटेची प्रत ठरते, हे मला त्यांच्याकडून कळलं. सहा सेकंद म्हणजे नुसती खळखळ. चौदा सेकंद म्हणजे लांबून, हजारो मैलांवरून निघून आलेली, घाई नसलेली लाट. मी मुद्दाम शनिवारी स्वयंपाकघरात लॅपटॉपवर किनाऱ्याचा कॅमेरा लावून बसायची. काका मान वळवून जायचे, पण त्या तासाभरात त्यांना तीनदा तहान लागायची.

माणसंही ते सेकंदांतच मोजत. माझा मॅनेजर सहा सेकंदांचा. समोरची आयरिश म्हातारी बारा. मंडळाच्या अध्यक्षांना त्यांनी तोवर एकदाच पाहिलं होतं, गणपतीत, आणि मला कानात म्हणाले, "चार. बादलीत पण यापेक्षा बरी लाट येते."

समुद्रातून बाहेर येताना ते पाठ वळवत नसत. तोंड पाण्याकडे ठेवून उलट्या पावलांनी, अडखळत, वाळूपर्यंत यायचे. मी म्हटलं, अगदी गाभाऱ्यातून आल्यासारखे येता. ते चिडले. "देवबीव नाही. मागून लाट येऊन मान मोडते, म्हणून. म्हाताऱ्यानं शिकवलं ते करतो."

म्हातारा म्हणजे हवाईमधला. काका तेव्हा मालवाहू जहाजावर इंजिनियर होते, आणि त्यांचं जहाज इंजिन बिघडून होनोलुलूच्या बंदरात दोन महिने पडून राहिलं. म्हातारा गोदीत मजुरी करायचा आणि सुट्टीला लाटांवर जायचा, स्वतः कोरलेल्या फळीवरून. काका बघत उभे राहिले. म्हाताऱ्यानं आठ दिवस त्यांना नुसतं बघायलाच लावलं, मग पाण्यात घेतलं. लाकूड हातात धरताच काकांनी ओळखलं: नीरफणस. आमच्या नागपुराला हा फणस काय असतो तेच ठाऊक नाही, पण अलिबागला काकांच्या आजोळी परसात तो होता, त्याची कापं तळायचे. जगाच्या दुसऱ्या टोकाला आजीच्या परसातलं झाड भेटल्यावर माणूस हलतो. म्हाताऱ्यानं सांगितलं, झाड घेतलं की त्याच्या मुळाशी खड्डा करून एक लाल मासा ठेवायचा. फुकट काही घ्यायचं नाही. पूर्वी त्यांचे राजे, राण्या, कोळी, सगळे लाटांवर जायचे. मग बाहेरून आलेल्या लोकांना त्यात पाप दिसलं. पुढे शाळेत त्यांची स्वतःची भाषा बोलायचीसुद्धा चोरी झाली. आणि आता तेच सगळं हॉटेलांच्या भिंतींवर टांगलंय. काका हे सांगताना ओट्यावर मूठ आपटायचे. "त्यांच्या अंगावरचं काढून घेतलं, आणि वर त्याचाच फॅन्सी ड्रेस केला."

म्हाताऱ्याच्या मुलांना फळीत रस नव्हता. जहाज सुटताना त्यानं ती काकांच्या हातात दिली. दिली म्हणजे ठेवायला दिली. अटी दोन. शोभेला लावायची नाही. आणि त्याच्या घरातलं कोणी मागेल तेव्हा जशी घेतली तशी परत करायची. त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली होती. दर नाताळाला त्या घरी काकांचं कार्ड जायचं. तो फोटो काढला त्या वर्षीच्या वसंतात तिकडून पत्र आलं. म्हाताऱ्याची नात शाळेत शिकवत होती, स्वतः फळ्या कोरायला शिकत होती, आणि आजोबांच्या हातची एकही फळी घरात उरली नव्हती. अंकल, ती तुमच्याकडे आहे का अजून? मी सप्टेंबरच्या शेवटी न्यायला येऊ का?

काकांनी ते पत्र मला चारदा वाचून दाखवलं. नंतर हॉलमध्ये फळी उघडून ते तिच्यावर बोटं फिरवत बसले, कुठे ओरखडा आहे का बघत. एकही नव्हता.

आता इथे मी येते.

मंडळाच्या उन्हाळी कार्यक्रमाची मीटिंग होती. कोणीतरी 'हवाईयन थीम' काढली, सगळ्यांना आवडली, कारण शर्ट ऑनलाईन मिळतात. आणि मी, मला मिरवायची हौस, म्हणाले की माझ्या घरमालकांकडे खरीखुरी हवाईची फळी आहे. अध्यक्षांचे डोळे चमकले. ते पुण्याचे, बेसिंगस्टोकला मोठ्या हुद्द्यावर. "वॉव. ऑथेंटिक प्रॉप. एक दिवसासाठी देतील ना?"

काका सरळ 'नाही' म्हणाले. मग अध्यक्षांनी युक्ती काढली, आणि ती त्यांच्यापर्यंत मीच पोचवली: काकांनी यावं आणि त्या म्हाताऱ्याविषयी बोलावं. मराठीत. पंधरा मिनिटं. फळी टेबलावर ठेवू, लोक बघतील.

इंग्लंडमध्ये त्यांना चार दशकं झाली होती, मुलीला मराठी येत नव्हतं, बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. मराठीत पंधरा मिनिटं ऐकून घ्यायला तयार असलेली माणसं त्यांना कोणी देऊ केली नव्हती. "पंधरा?" त्यांनी विचारलं. "नक्की?"

नक्की, मी म्हणाले.

कार्यक्रम शनिवारी. अर्थातच शनिवारी, आमचं मंडळ दुसऱ्या कुठल्या वारी जागं होतच नाही. काका म्हणाले, आकाशात तीन तारे दिसेपर्यंत माझा शनिवार संपत नाही, नऊ वाजतील. अध्यक्ष म्हणाले, "नो इश्यू, काकांना लास्ट स्लॉट. हायलाईट!" फळी शुक्रवारीच दुपारी हॉलवर न्यायची ठरली. त्या आठवड्यात काकांनी भाषण लिहून काढलं, लांबट कागदाची चार पानं, टपोऱ्या देवनागरीत. रोज कुकरच्या शिट्ट्यांत ते मला म्हणून दाखवत. शेवटचं वाक्य होतं: 'जशी घेतली तशीच परत देतोय, बघून घ्या.' तिथे ते ओट्यावर हात आपटत, आणि म्हणत, "इथे टाळ्या आल्या पाहिजेत."

शुक्रवारी फळी गाडीवर चढवताना त्यांनी बागेतल्या झेंडूची स्वतः ओवलेली माळ माझ्याकडे दिली. "आडवी ठेव, खाली चादर घाल, वर ही माळ. वाळली तरी परत आण. तिकडे हवाईत अशी माळ कचऱ्यात टाकत नाहीत, झाडाच्या मुळाशी घालतात. तुला सांगायला नको, तुमच्यात निर्माल्याचं तेच असतं."

शनिवारी दुपारी मी फळी टेबलावर आडवी ठेवली, चादर घातली, माळ घातली. तीन वाजता अध्यक्ष आले. "आडवी ठेवली तर फोटोत दिसत नाही." फळी उभी केली, ती सरकली. मंडळाची सजावट करणारे एक भाऊ आहेत, दरवर्षी गणपतीचं मखर तेच करतात, हाताला चांगले. त्यांनी मागे प्लायवूड उभं केलं आणि ड्रिल आणलं.

मी म्हटलं, "अहो भाऊ, काकांनी आडवी ठेवायला सांगितलंय. भोकं नका पाडू."

"अगं, दोन स्क्रूचा तर प्रश्न. नंतर फिलर मारतो. कळणारसुद्धा नाही."

"टाईम बघ," अध्यक्ष म्हणाले. "सहाला लोक येतील. धर जरा."

आणि मी धरली. हे मी मंडळात आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लोकांना वाटतं ड्रिल चाललं तेव्हा मी तिथे नव्हते. मी दोन्ही हातांनी ती फळी घट्ट धरून उभी होते आणि माझ्या डोक्याच्या वर एक आणि गुडघ्याशी एक अशी दोन आरपार भोकं पडली. बाहेरून काळं दिसणारं लाकूड आतून हळदीसारखं पिवळं निघालं, त्याचा भुगा माझ्या चपलेवर पडला. मग तिच्यावर थर्मोकोलची अक्षरं चिकटवली. माळ एका वहिनींनी उचलली. "झेंडू फार गणपती वाटतो ना? थीमला जात नाही." आणि आम्हा सगळ्यांना प्लॅस्टिकच्या माळा वाटल्या. तो फोटो तेव्हाचा. मी हसतेय, कारण फोटो काढणाऱ्यानं हसा म्हटलं.

सव्वानऊला काका आले. चालत आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात चार पानं. आत डीजे चालू होता, बायका गवती झालरी बांधून नाचत होत्या. काका दारात थांबले. त्यांनी स्टेजकडे बघितलं. त्यांचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

अध्यक्ष माईक घेऊन पुढे झाले. "काका, वेलकम! थोडं ओव्हररन झालंय, दहाला हॉल रिकामा करायचाय. तर भाषण नंतर कधीतरी, झूमवर करू. आता क्विक सत्कार घेतो, दोन मिनिटांत. शाल आणा, नारळ आणा."

काका स्टेजवर चढले. "स्क्रू ड्रायव्हर," ते म्हणाले.

"काय?"

"ज्यानं लावली त्याच्याकडे असेल. द्या."

भाऊंनी निमूट दिला. काका फळीसमोर गुडघ्यावर बसले आणि खालचा स्क्रू काढला. मग खुर्ची ओढून वरचा. डीजेनं गाणं बंद केलं नव्हतं, त्यामुळे सगळं एका थिल्लर गाण्यावर झालं. अध्यक्षांना काय करावं सुचेना, तर त्यांनी तेवढ्यात काकांच्या खांद्यावर शाल घातली. काकांनी ती काढली, फळीला गुंडाळली. नारळाकडे बघितलंही नाही. फळीचं एक टोक त्यांनी उचललं आणि दुसऱ्या टोकाकडे बघत थांबले. मी जाऊन ते धरलं. खाली टाळ्या पडल्या. खरंच पडल्या, लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे.

घर मैलभर. वाटेत मी मनातल्या मनात वाट बघत होते, आता म्हणतील, तू सहा सेकंदांची, तू चारची. काहीही म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी, चौदा सेकंदांच्या लाटा असलेल्या रविवारी, काका डेव्हनला गेले नाहीत. ते हॉलच्या मागे गेले आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्या सोडू लागले. मी मदतीला गेले. कागदी प्लेटा, पावभाजी, प्लॅस्टिकची फुलं, आणि चौथ्या पिशवीत तळाशी त्यांची माळ. गणपतीत निर्माल्यासाठी वेगळा कलश ठेवणारे, त्याच्यावर पाटी लावणारे आम्ही. मला तिथे त्या पिशव्यांत बसून मोठ्यानं शिव्या द्याव्याशा वाटल्या, आणि कोणाला द्यायच्या हे मला माहीत होतं. काकांनी माळ झटकली, घरी येऊन नळाखाली धरली आणि बागेत नेऊन सफरचंदाच्या बुंध्याशी ठेवली.

त्या आठवड्यात भाऊ आले. मनानं वाईट माणूस नाही. फिलर, पॉलिश, ब्रश सगळं घेऊन आले. "काका, लाकूडच आहे, असं बुजवतो की त्या पोरीला कळणार नाही."

"मला कळतं ना," काका म्हणाले. त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. मग माझ्याकडे वळले. "ती आली की तू सांग. काय झालं, कसं झालं, कोणी केलं. मी आत बसेन."

मी अध्यक्षांना फोन केला, की तुम्हीही या. ते म्हणाले, "अगं, त्या वीकला मी फुल ऑन ट्रॅव्हल करतोय. तू हँडल कर. मंडळातर्फे एक छानसं मेल टाकू." ते मेल आजतागायत आलेलं नाही.

नात आली. तिशीची, दणकट, हसरी. तिच्याकडेही वडीलधाऱ्याला अंकलच म्हणतात. काकांना बघताच तिनं कपाळाला कपाळ टेकवलं. शनिवार होता, म्हणून तारे दिसल्यावर काकांनी तिच्यासाठी मलिदा केला, त्यांच्यात नवस फेडताना, प्रवासाला निघताना करतात तो, गोड पोहे, खोबरं, वर फळं. प्रार्थना झाली, खाणं झालं, आणि काका उठून आत गेले. मी गोधडी सोडली आणि सांगितलं. सगळं. मी धरली होती हेही.

तिनं वरच्या भोकात करंगळी घातली. मग विचारलं, "त्यानंतर ही पाण्यात गेलीय का?"

"नाही. काकांनी नेलीच नाही."

"उद्या नेऊ." आणि थोड्या वेळानं, "बुजवणार नाही मी ती. शाळेत ठेवीन. मुलं विचारतील, भोकं कसली? मी सांगेन." ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर मी भांडले तरी असते. त्या बेटावर मी कधी गेलेली नाही, जाणारही नाही, आणि तिथल्या एका शाळेतली पोरं आता आम्हाला ओळखतात.

दुसरा दिवस रविवार होता. डेव्हनला अकरा सेकंदांच्या लाटा होत्या. ती गेली, मग काका गेले, फळी हातानं ढकलून देताना भोकांतून पाणी पिचकारीसारखं उडत होतं. काका तीनदा पडले, चौथ्यांदा गुडघ्यावर राहिले आणि कडेपर्यंत आले. मग दोघंही उलट्या पावलांनी बाहेर आले, शेजारी शेजारी, एकसारखे अडखळत.

वाळूवर फळी आडवी ठेवून काकांनी गाडीतून कोट आणला आणि खिशातून ती चार पानं काढली. "हे तिच्या आजोबांवर लिहिलंय," ते मला म्हणाले. "तिला सांग, मराठीत आहे. चालेल का विचार."

ती म्हणाली, चालेल. मी भाषांतर करू का म्हटलं, तर म्हणाली, नंतर कर, आधी अंकलचा आवाज ऐकू दे. आणि ती उभी राहिली. ओले केस, दात वाजतायत, एक अक्षर कळत नाही, आणि ती पोरगी पंधरा मिनिटं जागची हलली नाही. ज्या दीडशे लोकांना त्यातला शब्दन् शब्द कळला असता त्यांच्याकडे दोन मिनिटं होती.

काका छान बोलले. गोदी, आठ दिवस नुसतं बघणं, नीरफणस, लाल मासा, सगळं आलं. चौथं पान उलटलं आणि मला पाठ असलेलं ते शेवटचं वाक्य जवळ आलं. माझे हात टाळीसाठी वर आले होते. काका थांबले. कागदाकडे बघितलं, फळीकडे बघितलं, पानांची घडी घातली आणि ती खिशात ठेवली.

"इज दॅट द एन्ड, अंकल?" तिनं विचारलं.

"हो बाळ," काका मराठीतच म्हणाले. "झालं."

घरी जाताना गाडीत मी तिला सगळं भाषण इंग्रजीत सांगितलं. ते वाक्य सोडून. मंडळानं आता नवीन फोटो मागवलेत, जुन्या हवाईयन नाईटचे कोणाकडे असतील तर टाका म्हणून. फोटो माझ्याकडे नाहीत. हे आहे. टाकतेय.